खोटं आणि खोटं-खोटं : एका बागुलबुवाचं प्रकरण

“ताई, हिला खरं काय नि खोटं काय, तेच कळत नाही. कार्टून बघून बघून डोक्यात नाही नाही ते भरलंय.” ओवीची आई समोर बसली आणि पहिलं वाक्य हेच बोलली. मी ते वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. पुढे दोन महिने हे प्रकरण चाललं आणि त्या वाक्यातलं जवळजवळ काहीच खरं निघालं नाही, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करते.

ओवी हे बदललेलं नाव. वय ४ वर्षं ७ महिने. सातारा जिल्ह्यातलं मोठं गाव, वाडवडिलांचं घर, मागे परसदार आणि परसदारीच न्हाणी नि संडास. घरात आई, बाबा, आजी आणि बाबांचा धाकटा भाऊ, म्हणजे ओवीचा काका. आजोबा आदल्या वर्षी वारले. ओवीच्या बालवाडीत मी आठवड्यातून दोन दिवस जाते. मुलांमध्ये बसते, बघते, गरज असेल तिथे घरच्यांशी बोलते. घरच्यांनी लिहायला हो म्हटलं आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

आई सांगत होती ते असं. अंधार पडला की ओवी परसदारी पाऊल टाकत नाही, कडेवर घेतलं तरी रडते. वर्षभर कोरडं राहिलेलं अंथरूण पुन्हा ओलं होऊ लागलंय, आठवड्यातून तीन-चारदा. मागच्या दाराची कडी लावली का, हे दिवेलागणीपासून झोपेपर्यंत सारखं विचारते. आणि काकाला कामावरून यायला उशीर झाला की पुढच्या दारात जाऊन बसते, तो दिसेपर्यंत उठत नाही. हे शेवटचं आईने तक्रार म्हणून नव्हे, कौतुक म्हणून सांगितलं. “काकाचा भारी लळा आहे तिला.” मीही ते कौतुक म्हणूनच ऐकलं आणि तिथे चुकले.

हे सगळं तीन आठवड्यांपासूनचं. पाच वर्षांच्या आतल्या मुलाने अधूनमधून अंथरूण ओलं केलं तर तो आजार नसतो. पण बरेच महिने कोरडं राहिलेलं मूल अचानक पुन्हा ओलं करू लागलं, तर आधी शरीराकडे बघायचं, मनाकडे मागाहून. बालरोगतज्ज्ञांकडे लघवी तपासून घेतली, काही निघालं नाही. कार्टून तर घरच्यांनी आधीच बंद केलं होतं. मोबाइल कपाटात, टीव्हीची वायर काढून ठेवलेली. त्याला पंधरा दिवस झाले होते आणि तसूभरही फरक पडला नव्हता.

शाळेतली ओवी

दोन दिवसांनी मी तिच्या वर्गात भातुकलीच्या कोपऱ्याशी बसले होते. ओवीने टोपलीतून एक जुनी ओढणी काढली, डोक्यावरून घेतली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, “मी बागुलबुवा. पळा सगळे.” मुलं किंचाळत पळाली. एक साडेतीन वर्षांचा मुलगा मात्र जागच्या जागी उभा राहिला आणि त्याचा ओठ थरथरायला लागला. ओवीने ओढणी खांद्यावर ओढली, त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाली, “अरे, खोटं-खोटं आहे. मी ओवीच आहे. बघ, माझा फ्रॉक.” तो हसल्यावर तिने ओढणी पुन्हा डोक्यावर घेतली आणि खेळ पुढे सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. त्याच रात्री अंथरूण पुन्हा ओलं झालं होतं.

आता जिला खरं-खोटं कळत नाही ती मुलगी असं करील का? ओढणीखाली कोण आहे ते तिला माहीत होतं. समोरच्याला ते माहीत नाही, म्हणून तो घाबरला, हेही तिला उमगलं होतं. आणि त्याची भीती कशाने जाईल तेही. ओळखीचा फ्रॉक दाखवायचा.

आपल्या भाषेत याला एक फार सुरेख सोय आहे. ‘खोटं’ म्हणजे लबाडी. तेच दोनदा म्हटलं की लबाडी जाते आणि खेळ येतो. “तू खोटं बोललीस” म्हटलं की मूल रडतं. “तू खोटं-खोटं रड” म्हटलं की हसत हसत रडायला लागतं. लुटुपुटूची लढाई, लुटुपुटूचा संसार हे शब्दही त्याच जातीचे. माझ्या बघण्यातली तीन वर्षांची मुलं हा फरक बिनचूक पाळतात. त्यासाठी त्यांना कुणी शिकवणी लावलेली नसते.

अभ्यासकांनाही अखेर हेच दिसलं आहे, सुरुवात मात्र उलट मतापासून झाली. जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९२०च्या दशकात मुलांना विचारलं होतं की स्वप्नं कुठून येतात. लहान मुलं म्हणाली, बाहेरून येतात, खोलीत असतात. त्यावरून पियाजेंनी ताडलं की मनातलं आणि बाहेरचं हा भेद लहान मुलांना नीट करता येत नाही, तो सहा-सात वर्षांच्या पुढे पक्का होतो. ओवीची आई नकळत पियाजेंच्याच बाजूने बोलत होती. पण १९८६ साली हेन्री वेलमन आणि डेव्हिड एस्टेस यांनी प्रश्न बदलून बघितला. एका मुलाकडे बिस्किट आहे, दुसरा नुसता बिस्किटाचा विचार करतोय. हात कुणाच्या बिस्किटाला लावता येईल? तीन वर्षांच्या मुलांनीही याचं उत्तर बरोबर दिलं. १९९३ साली पॉल हॅरिस आणि रॉबर्ट कॅव्हना यांनी त्याहून लहान मुलं घेतली. खेळण्यातल्या प्राण्याने खोटा-खोटा चहा सांडला, तर दोन-अडीच वर्षांची मुलं जिथे ‘सांडला’ तीच जागा फडक्याने पुसत. टेबल कोरडं आहे हे त्यांना दिसतच होतं. खेळात चहा कुठे सांडलाय तेही त्यांच्या ध्यानात होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरता येणं ही कच्च्या डोक्याची खूण नव्हे.

मग ओवीचं बिनसलं कुठे?

तीन टोपल्या

मी तिच्याबरोबर चित्रांचा खेळ मांडला. तीन टोपल्या ठेवल्या, ‘असतं’, ‘नसतं’ आणि ‘माहीत नाही’. तिसरी टोपली मुद्दाम ठेवली होती. टेक्सास विद्यापीठात जॅकलीन वूली आणि तान्या शॅरन यांनी २००४ साली दाखवलं होतं की मुलांना ‘खरं की खोटं’ असे दोनच पर्याय दिले तर ती अंदाजाने काहीतरी ठोकून देतात आणि आपल्याला वाटतं त्यांचा घोळ आहे. ‘सांगता येत नाही’ म्हणायची मुभा दिली की कळतं, घोळ नाही, अनिश्चितता आहे. ही साधी गोष्ट घराघरांत कळायला हवी असं मला फार वाटतं. आपण मुलांना ‘माहीत नाही’ म्हणूच देत नाही.

हत्ती, ‘असतं’. बोलणारा कावळा, ‘नसतं’, आणि वर स्पष्टीकरण, “गोष्टीत बोलतो.” परी जराशा विचाराने ‘माहीत नाही’मध्ये गेली. डायनासोर, “असतं. पण आता मेले.” जंतूंचं चित्र म्हणून मी हिरवे ठिपके काढले होते. तिने ते न थांबता ‘असतं’मध्ये टाकले.

“तू बघितलेस जंतू?”

“दिसत नाहीत. पण आई रोज म्हणते, हात धू.”

ज्या कार्टूनवर आईचा राग होता त्यातल्या वीराचं चित्रही होतं. ओवीने ते ‘नसतं’मध्ये टाकताना माझ्याकडे असं बघितलं, की हे काय विचारणं झालं.

शेवटी कोरा कागद देऊन बागुलबुवा काढायला सांगितला. तिने एक मोठा काळा ढिगारा काढला, वरून खालपर्यंत रेघांनी भरला, आणि खाली दोन पाय. पायांत निळ्या पट्ट्यांच्या चपला, अगदी निगुतीने, पट्ट्यांसकट. कागद उचलून तिने ‘असतं’च्या टोपलीत ठेवला. तळाशी घातला आणि वर हत्ती ठेवला.

“हा तू खेळतेस तो ना? खोटं-खोटंवाला?”

“नाही. तो वेगळा. हा आमच्याकडे आला होता.”

“आणि या चपला कुणाच्या?”

“काकाच्या. त्याने घेतल्या.” मग आवाज एकदम बारीक करून, “त्याने आजोबांची घोंगडी पण घेतलीय.”

मी काही बोलले नाही. तीच पुढे म्हणाली, “आजोबांना त्यानेच नेलं. आता काकाला नेणार.”

घरी जाताना बसमध्ये मला आईचं ते वाक्य पुन्हा आठवलं, काकाचा भारी लळा आहे तिला. चार वर्षांची पोर रोज संध्याकाळी दारात बसून काकावर पहारा देत होती.

त्या रात्री काय झालं

घरी विचारल्यावर आधी सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग आजींनी सांगितलं. आषाढातली रात्र, लाईट गेलेली, कंदिलाच्या उजेडात ओवीला वरणभात भरवणं चाललेलं. ओवी खाईना. “बागुलबुवाला बोलावीन” असं आजी आणि आई नेहमीच म्हणत, आणि ओवी नेहमीच त्याकडे दुर्लक्ष करी. त्या रात्री काका पुढच्या दाराने गुपचूप बाहेर गेला, ओसरीवरच्या पेटीतली त्याच्या वडिलांची घोंगडी डोक्यावरून घेतली, घराला वळसा घालून मागच्या दाराशी आला आणि दारावर तीन थापा मारल्या. आजी म्हणाल्या, “आला बघ.” बाबांनी दार उघडलं. काळं, ओलं, उंच असं काहीतरी उंबऱ्यात उभं राहिलं आणि म्हणालं, “जेवत नाही ती पोरगी कुठाय? घेऊन जातो.” आईने ओवीला घट्ट धरलं आणि म्हटलं, “नको नको, जेवते ती.” ओवीने ताट साफ केलं.

काका सांगताना मान खाली घालून होता. “खाईनाच की ती, मॅडम. वैनी पार रडकुंडीला आलेल्या. म्हटलं, एकदा दाखवावाच. आमालाबी असंच दाखवलंय की लहानपणी.”

या घरातली माणसं दुष्ट नाहीत, प्रेमळ आहेत. पण त्या रात्री ओवीच्या बाजूने बघावं. ज्या चार माणसांच्या सांगण्यावर तिचं सगळं जग उभं आहे, त्या चौघांनी एका सुरात एक गोष्ट खरी असल्याचं सांगितलं. आवाज आला, दार उघडलं, समोर आकृती उभी राहिली, तिने नाव न घेता तिलाच हाक मारली. आईचा चेहरा घाबरलेला. एवढा पुरावा मिळाल्यावर आपल्यापैकी कोणी विश्वास ठेवला नसता? चपला तिने ओळखल्या होत्या. घोंगडीचा वास ओळखला होता. त्यावरून आत काकाच आहे असा निष्कर्ष निघायला हवा होता, पण ज्यांच्यावर विश्वास टाकायचा ते सगळे उलट सांगत होते. मग तिने दोन्हींचा मेळ घातला. चपला काकाच्या आहेत, म्हणजे याने त्या पळवल्या. घोंगडी आजोबांची आहे. आजोबा एके दिवशी घरातून गेले ते परत आले नाहीत, कुठे गेले ते कुणी सांगत नाही. आणि हा तर माणसं घेऊन जाणारा. यात तर्काची एकही पायरी चुकलेली नाही. चुकीचा होता तो तिला पुरवलेला माल.

वूली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ सालीच दुसऱ्या एका अभ्यासात हे अगदी पद्धतशीर करून बघितलं होतं. अमेरिकेत हॅलोविनच्या सणाला मुलांना घरोघरी गोळ्या-चॉकलेटं मिळतात. अभ्यासकांनी ‘गोळ्यांची चेटकीण’ नावाची एक नवीनच व्यक्ती रचली. रात्री ती गोळ्या नेते आणि बदल्यात खेळणं ठेवते असं बालवाडीच्या मुलांना सांगितलं. बऱ्याच मुलांनी विश्वास ठेवला. ज्यांच्या घरी पालकांनी खरोखर रात्री गोळ्या उचलून खेळणं ठेवलं, त्यांचा विश्वास अधिक पक्का झाला. वर्षभरानंतर विचारलं तरीही बऱ्याच मुलांना ती खरीच वाटत होती. तिथे खेळणं मिळालं होतं, ओवीच्या वाट्याला घोंगडी आली. विश्वास बसण्याची रीत तीच.

चिऊचा घास

एक प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता. त्याच ताटावर, त्याच आजी ओवीला “एक घास चिऊचा, एक घास काऊचा” करून भरवतात. तिथे चिऊ नसते, काऊ नसतो. ओवी कधीच चिऊ शोधायला खिडकीशी गेली नाही. मग ते खोटं-खोटं आणि बागुलबुवा खरा, हे तिने ठरवलं कशावरून?

याचं उत्तर मला एका सकाळी आजींना भरवताना बघून मिळालं. चिऊचा घास करताना आजींचे डोळे ओवीच्या डोळ्यांत होते. घास नेहमीपेक्षा उंचावरून, भुर्र करत, वळणं घेत यायचा, आणि तोंडात पडायच्या आधीच आजी हसलेल्या असायच्या. अँजेलिन लिलार्ड आणि डेव्हिड विदरिंग्टन यांनी २००४ साली अमेरिकेतल्या आयांचं असंच निरीक्षण केलं होतं. दीड वर्षाच्या मुलासमोर आई खरा खाऊ खाते तेव्हा आणि खोटा-खोटा खाऊ खाते तेव्हा तिच्यात काय फरक पडतो? खोटं-खोटं खाताना ती मुलाकडे जास्त वेळ बघते, जास्त हसते, हालचाली वेगळ्या होतात, तोंडाने आवाज काढते. ‘हा खेळ आहे’ हे तोंडाने सांगायच्या आधी चेहरा सांगतो, आणि मूल तो चेहरा वाचतं.

बागुलबुवाच्या वेळी यातलं काही नसतं. आवाज खाली येतो, डोळे दाराकडे जातात, चेहऱ्यावरचं हसू पुसलं जातं. दम देण्यासाठी ते पुसावंच लागतं, नाहीतर दम लागू होत नाही. “पोलिसकाका पकडून नेतील”, “डॉक्टर मोठी सुई टोचतील” यांचंही तेच. खेळाची प्रत्येक खूण आपण जाणूनबुजून काढून टाकतो, आणि नंतर मूल घाबरलं की म्हणतो, याला खरं-खोटं कळत नाही.

आधी फसलेले उपाय

मी जायच्या आधी घरात दोन उपाय झाले होते. शेजारच्या काकूंनी सुचवल्यावरून आईने मागच्या उंबऱ्यावर अंगाऱ्याची रेघ ओढली आणि ओवीला सांगितलं, “आता तो आत येऊ शकत नाही.” बाबा रोज रात्री टॉर्च घेऊन परसदारी फेरी मारत आणि येऊन सांगत, “आज नाहीये तो.” दोघांनीही हे मायेपोटी केलं. पण ओवीच्या कानाला काय ऐकू गेलं? तो आहे, रेघेच्या पलीकडे आहे. तो आज नाहीये, म्हणजे उद्या असू शकतो.

तिसरा फसलेला उपाय माझा. मी तिला जवळ घेऊन शांतपणे सांगितलं, “ओवी, बागुलबुवा कुठेच नसतो. मोठी माणसं गंमत करतात.” तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, “तुम्ही नव्हता तिथे.”

बरोबर होतं तिचं. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीसमोर तिऱ्हाइताचा शब्द काय टिकणार? साक्ष फिरवायची, तर ती ज्यांनी दिली त्यांनीच फिरवायला हवी होती.

घोंगडी उन्हात

काका तयार नव्हता. “मीच होतो म्हणून सांगितलं तर परत माझ्यावर विश्वास कसा ठेवंल?” असं तो म्हणाला, आणि त्याची ही भीती खरी होती. मी त्याला एवढंच सांगितलं की ती रोज दारात का बसते. तो बराच वेळ गप्प बसला, मग उठून पेटीकडे गेला.

रविवारी दुपारी, कडक ऊन पडलेलं असताना, त्याने घोंगडी परसदारी दोरीवर टाकली. ओवी आईच्या मागे उभी. काका खाली बसला, तिच्या उंचीला आला, आणि त्याच निळ्या पट्ट्यांच्या चपला पायात दाखवून म्हणाला, “ओवी, त्या रात्री मी होतो. बागुलबुवा नव्हता. ही घोंगडी मी पेटीतून काढली आणि आवाजही मीच काढला. मी तुला फसवलं. चुकलं माझं.” आई, आजी आणि बाबा एकेक करून म्हणाले, “आम्हाला माहीत होतं. आम्हीही खोटं बोललो.” हे एकेकट्याने म्हणणं मी मुद्दाम करवून घेतलं. चौघांनी मिळून उभं केलेलं चौघांनीच उतरवायचं होतं.

ओवीने पुढे होऊन घोंगडीचं टोक नाकाशी नेलं. “आवाज काढ.” काकाने काढला. “परत काढ.” परत काढला. तिने घोंगडी मागितली. ती पेलवेना, काकाने वरून धरली, आणि ती आतून मागच्या दारावर थापा मारत राहिली. किती वेळा, ते मोजायचं राहून गेलं. आई आत उभी राहून प्रत्येक वेळी दार उघडत होती.

मग घोंगडीतून डोकं बाहेर काढून तिने विचारलं, “मग आजोबांना कोणी नेलं?”

काकाने माझ्याकडे बघितलं. मी आजींकडे. आजी पायरीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “कोणी नेलं नाही गं. छातीत दुखायला लागलं त्यांच्या. दवाखान्यात घेऊन गेलो, डॉक्टरांनी औषध दिलं, पण त्यांचं हृदय बंद पडलं. मग माणूस मरतो. ते मेले, बाळा.” वर्षभरात त्या घरात हा शब्द ओवीसमोर पहिल्यांदा उच्चारला गेला. तोवर सगळे म्हणत होते, ‘गेले’. ओवी आजींजवळ जाऊन बसली. डायनासोर मेले हे जिला माहीत होतं, तिला आजोबा मेले हे सांगायला आम्ही एवढे बिचकत होतो.

दिवसा आणि रात्री

भीती त्या दिवशी गेली नाही. असं एका झटक्यात काही जात नसतं, आणि घरच्यांना मी आधीच तसं सांगून ठेवलं होतं. दारात बसणं मात्र जवळजवळ लगेच थांबलं. परसदारी जायला आणखी तीन आठवडे लागले. अंथरूण हळूहळू कोरडं होत गेलं, मध्ये एकदा-दोनदा पुन्हा ओलं झालं, आणि महिन्याभराने थांबलं. दरम्यान ओवी मला एकदा म्हणाली, “मला माहितीये तो नसतो. पण रात्री असतो.”

आई हे ऐकून पुन्हा हताश झाली. पण यात विसंगती नाही. पॉल हॅरिस आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली चार आणि सहा वर्षांच्या मुलांना एक रिकामा खोका दाखवला, आणि आत एक प्राणी आहे अशी कल्पना करायला सांगितली. काहींना गोड ससा, काहींना राक्षस. खोका रिकामा आहे, हे सगळं मनातलं आहे, असं मुलांनी स्वतःच सांगितलं. तरी प्रयोग घेणारी व्यक्ती खोलीबाहेर जायला निघाली तेव्हा राक्षसवाल्या लहान मुलांपैकी काहींनी तिला जाऊच दिलं नाही. एकटी राहिलेल्या मुलांपैकी कित्येकांनी खोक्यात डोकावून बघितलं. माहीत असणं एका जागी, भीती दुसऱ्या जागी. मोठ्यांचंही असंच असतं. भुतं नसतात म्हणणारी किती माणसं अमावास्येच्या रात्री स्मशानावरून एकटी जातील? म्हणून या टप्प्यावर ओवीला पुन्हा पुन्हा ‘नसतो’ पटवत बसायचं नाही, असं ठरवलं. परसदारी एक दिवा लावला. अंगाऱ्याची रेघ आजींनी पुसली नाही, पण तिचा अर्थ बदलला. “ही देवाची, घराची. बागुलबुवासाठी नाही.” बाबांची टॉर्चची फेरी बंद झाली, त्याऐवजी ओवी टॉर्च धरी आणि बाबा तिच्या मागून जात.

आणि एक नवीनच गोष्ट सुरू झाली. ओवी सगळ्यांना विचारू लागली, “हे खरं-खरं की खोटं-खोटं?” बसचा कंडक्टर, दूधवाला, मी, कोणी सुटलं नाही. मावशी म्हणाली, “जास्त गोड खाल्लंस तर पोटात किडे होतील.” ओवी: “खरं-खरं?” मावशीला नीट उत्तर देता आलं नाही. घरच्यांना हे प्रश्न अवघड जात. बाबा मला म्हणाले, “ताई, आता कायबी बोलायची चोरी झालीय.” मला तो त्या घरातला सर्वांत आशेचा बदल वाटला. हॅरिस यांनी २००६ साली सहकाऱ्यांबरोबर केलेल्या कामात एक बारीक गोष्ट मांडली आहे. जंतू कुणाच मुलाने पाहिलेले नसतात, तरी मुलांना त्यांची खात्री असते. इतर न दिसणाऱ्या पात्रांबद्दल ती तितकी ठाम नसतात. याचं एक संभाव्य कारण ते असं सांगतात की जंतूंबद्दल मोठी माणसं सहज बोलतात, “हात धू, जंतू असतात”; “माझा जंतूंवर विश्वास आहे” असं कुणी म्हणत नाही. आपण काय सांगतो याच्याइतकंच, ते कितपत खात्रीने सांगतो, हे मूल ऐकत असतं. ओवी आता ते ऐकणं मोठ्याने करत होती.

कोजागिरीला आईचा फोन आला. गच्चीवर सगळे आटीव दूध घेऊन बसले होते. आजोबा चांदणी झाले, असं आईने वर्षापूर्वी कधीतरी ओवीला सांगितलं होतं. त्या रात्री चांदणं इतकं लख्ख की तारे फिकटलेले. ओवीने आकाशात खूप वेळ शोधलं आणि आजींना विचारलं, “आज आजोबा का दिसत नाहीत?” आणि लगेच, “ते चांदणी झाले हे खरं-खरं की खोटं-खोटं?”

आईच्या पोटात गोळा आला म्हणे. काका उठून कठड्याशी गेला. आजींनी पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, “मला माहीत नाही बाळा. मी काही बघितलेलं नाही. पण वर बघितलं की मला तसं वाटतं, आणि बरं वाटतं.”

ओवीने थोडा विचार केला. “म्हणजे वाटतं-वाटतं,” ती म्हणाली, आणि दुधातल्या चारोळ्या बोटाने काढून खायला लागली.